स्मृतिचित्रे

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे मराठी आत्मचरित्र. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत प्रसिद्ध झाले. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्याशी झालेला विवाह, टिळकांचा ख्रिस्ती धर्मस्वीकार, त्यामुळे पतिपत्नींची झालेली ताटातूट, त्यांचे पुनर्मीलन, स्वतः लक्ष्मीबाईंचे धर्मांतर आणि टिळकांच्या निधनानंतरचे आयुष्य हा त्याचा विषय होय. मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्याची गणना होते. टिळकांच्या चरित्राचे साधन, एका स्त्रीचे निर्भीड आत्मकथन आणि प्रसन्न विनोदी शैलीचा नमुना, अशा तीन अंगांनी या ग्रंथाचा विचार बहुधा झालेला आहे. या तिन्ही अंगांना एकत्र बांधणारे सूत्र मात्र भय आणि त्याचे निरसन हे आहे. ख्रिस्ती श्रद्धेने मनुष्य निर्भय होतो, हे विधान मराठी ख्रिस्ती वाङ्‌मयात वारंवार केले गेले. ते उपदेशाचा आश्रय न घेता, केवळ घरगुती प्रसंगांच्या द्वारे आणि अन्यधर्मीय वाचकालाही पटेल अशा रीतीने सिद्ध करून दाखविण्याचे श्रेय या ग्रंथाकडे जाते.

पार्श्वभूमी : मराठीतील ख्रिस्ती वाङ्‌मयाला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिशनांच्या छापखान्यांमुळे चालना मिळाली. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू केलेले ज्ञानोदय हे नियतकालिक त्याचे प्रमुख व्यासपीठ ठरले. या वाङ्‌मयात धर्मांतराच्या ‘साक्षी’ला महत्त्वाचे स्थान होते. आपण कसे होतो, कोणत्या प्रसंगी प्रभूची ओळख झाली आणि त्यानंतर जीवन कसे पालटले, हा तिचा ठरीव क्रम. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे अरुणोदय (१८८४) हे आत्मचरित्र या प्रकारातील पहिले महत्त्वाचे पुस्तक होय. सत्य पटूनही आप्तांच्या व समाजाच्या भीतीने बाप्तिस्मा लांबणीवर टाकणाऱ्या तरुणाच्या मनाची ओढाताण त्यात प्रामाणिकपणे आली आहे. परंतु पदमनजींचा पिंड वादपटूचा असल्यामुळे भीतीचे निरसन तेथे मुख्यतः युक्तिवादाने होते. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत दुष्काळ, उपासमार, आईवडिलांचा मृत्यू आणि निराधार भटकंती यांचे चित्रण केले. त्यातील भय पराकोटीचे व खरे आहे; मात्र ते लिहिताना त्या ज्या श्रद्धेच्या शिखरावर उभ्या होत्या, तेथून मागील सर्व आयुष्य त्यांना दूर व अंधारलेले दिसते.

मराठी भाषिक प्रदेशाच्या पूर्व भागातही याच सुमारास ख्रिस्ती मिशने स्थिर होत होती. वऱ्हाडात अकोला व अमरावती या भागांत ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ आणि यवतमाळकडे ‘फ्री मेथडिस्ट’ मिशन यांनी केंद्रे उघडली. यवतमाळ येथे १९५३ मध्ये ‘युनियन बिब्लिकल सेमिनरी’ ही धर्मविद्येची संस्था स्थापन झाली. ती पुढे १९८३ मध्ये पुण्यास हलविण्यात आली. वैयक्तिक पापाची जाणीव, निश्चित असा परिवर्तनाचा क्षण आणि त्याची जाहीर साक्ष, यांवर या मिशनांचा विशेष भर असे. अहमदनगरपासून अकोला–अमरावतीपर्यंत पसरलेल्या या ख्रिस्ती समाजात धर्मांतराच्या हकिगतीचा एक साचा रूढ झाला होता. लक्ष्मीबाईंचे वेगळेपण त्या साच्याशी ताडून पाहिले म्हणजे स्पष्ट होते. नाशिक आणि नागपूर ही त्यांच्या पूर्वायुष्यातील दोन ठिकाणे; त्यांमधील लोहमार्ग अकोला व बडनेरा या वऱ्हाडातील स्थानकांवरूनच जातो. या मार्गाच्या पूर्वेकडील टोकाला, नागपूरहून राजनांदगावकडे जाताना, आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि तेथून त्यांच्या धर्मविचाराला निर्णायक वळण लागले.

सोवळ्याचे भय : लक्ष्मीबाईंचा जन्म नाशिकजवळील जलालपूर येथील गोखले कुटुंबात झाला. त्यांचे माहेरचे नाव मनकर्णिका. १८५७ च्या उठावानंतर त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या आघाताने त्यांच्या वडिलांच्या मनावर सोवळ्याचे विलक्षण दडपण बसले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यावयाची नाही, येथपर्यंत त्याची मजल गेली होती. ग्रंथारंभीच्या प्रकरणांत या घराचे जे वर्णन येते ते हास्यकारक आहे. परंतु त्या हास्याच्या तळाशी भीती आहे. राजसत्तेच्या भयंकर शिक्षेने हादरलेला एक मनुष्य ज्यावर आपली सत्ता चालते अशा एकमेव गोष्टीकडे, म्हणजे घरातील शुद्धाशुद्धतेकडे, वळतो आणि बायकामुलांना त्या भीतीत वाढवितो. सोवळे हे येथे धर्माचरण राहत नाही. ते भयाचे दैनंदिन रूप बनते. लेखिकेने हा अर्थ कोठेही शब्दांत सांगितलेला नाही. तिने फक्त प्रसंग सांगितले आहेत आणि वडिलांविषयीची माया कमी होऊ दिलेली नाही.

हीच मुलगी वयाच्या अकराव्या वर्षी टिळकांची पत्नी झाली. टिळक प्रतिभावान, उदार, शीघ्रकोपी आणि लहरी होते. हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणे, न सांगता घर सोडून जाणे, एका गावी बस्तान बसते न बसते तोच दुसऱ्या गावी निघणे, या त्यांच्या स्वभावामुळे संसाराला स्थैर्य असे कधी लाभले नाही. त्यामुळे माहेरच्या सोवळ्याच्या भयाला सासरी अनिश्चिततेच्या भयाची जोड मिळाली. नवरा आज घरी येईल की नाही, ही धास्ती पुढील मोठ्या ताटातुटीची जणू पूर्वतयारीच होती.

ताटातूट : १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळी ब्राह्मण कुटुंबातील पुरुष ख्रिस्ती झाला म्हणजे त्याची पत्नी जिवंतपणीच विधवेसारखी होई. तिला ना सधवेचा मान, ना विधवेचे निश्चित स्थान. लक्ष्मीबाई लहान मुलासह आप्तांकडे राहिल्या. काही काळ त्यांचा मुक्काम पंढरपूर येथे होता. स्मृतिचित्रांतील हा भाग सर्वांत हृदयस्पर्शी आहे. नातलगांचे प्रेम खरे होते आणि त्यांचा राग, त्यांची लाज हीही खरी होती, असे दुहेरी चित्र येथे उमटते. धर्मांतरित लेखकाला आपल्या जुन्या समाजाला क्रूर ठरविण्याचा मोह होणे स्वाभाविक असते. लक्ष्मीबाईंनी तो टाळला आहे. ज्यांनी त्यांना सांभाळले, त्यांच्याविषयीची कृतज्ञता त्या पुढेही विसरलेल्या नाहीत. म्हणूनच त्यांना सोडून पतीकडे जाण्याच्या निर्णयाची किंमत किती मोठी होती, हे वाचकाला कळते. पदमनजींच्या ग्रंथात ज्या समाजभयाची तात्त्विक चर्चा आहे, त्याला येथे आत्या, बहीण, भाऊ अशी जिव्हाळ्याची माणसे लाभली आहेत. भीती वाटते ती शत्रूंची नसून प्रेम करणाऱ्यांची, हे या भागाचे मर्म होय.

पाण्याचा घोट : काही वर्षांच्या विरहानंतर लक्ष्मीबाई टिळकांकडे परतल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. आपले सोवळे, आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे राहील, अशी त्यांची भूमिका होती आणि टिळकांनी ती मान्य केली. एकाच कुटुंबात एक ख्रिस्ती पती आणि एक सोवळी पत्नी असा हा संसार काही काळ चालला. टिळकांनी बळजबरी केली नाही, हे त्यांच्या उतावळ्या स्वभावाकडे पाहता विशेषच म्हटले पाहिजे.

यानंतरचे परिवर्तन हा स्मृतिचित्रांचा गाभा आहे. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या मनात उभा राहिला आणि त्याचे उत्तर त्यांनी स्वतःच्या बुद्धीने शोधले. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आता हरकत नाही, असे त्यांनी ठरविले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये झाला. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. रूढ साक्षीत आधी पापाची जाणीव, मग प्रभूचे दर्शन आणि त्याचे फळ म्हणून आचारातील बदल, असा क्रम असतो. लक्ष्मीबाईंच्या कथनात आचारातील बदल आधी येतो. जन्मापासून ज्या स्पर्शाचे भय बाळगले त्याचा पगडा सुटल्यावर श्रद्धेला वाट मोकळी होते. बाप्तिस्म्याच्या विधीपेक्षा परक्या हातच्या पाण्याच्या घोटाला ग्रंथात अधिक वजन आहे, ते यामुळेच. वडिलांच्या घरातील धुण्यापुसण्यापासून सुरू झालेले एक दीर्घ सूत्र येथे पूर्ण होते. योहानाच्या पहिल्या पत्रात प्रीती भयाला घालवून देते, असा विचार आहे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तो सिद्धांत म्हणून अवतरत नाही. कोणाच्या ओंजळीतले पाणी प्यावे, या अगदी साध्या प्रश्नाच्या रूपाने तो त्यांच्यापुढे येतो.

मृत्यूचे भय : १८९६ मध्ये मुंबईत उद्‌भवलेली प्लेगची साथ पुढील काही वर्षांत महाराष्ट्रभर पसरली. रोगाइतकीच लोकांना रुग्णालयांची आणि विलगीकरण-छावण्यांची धास्ती होती. माणसे आजार लपवीत, घरे सोडून रानात राहत. अहमदनगर येथे साथ आली असता लक्ष्मीबाईंनी मिशनच्या छत्राखालील आजारी मुलींच्या शुश्रूषेचे काम अंगावर घेतले. ज्या स्त्रीच्या बालपणी परक्याची सावलीही वर्ज्य होती, तीच आता परक्यांच्या मुलींचे मलमूत्र काढते व त्यांच्या उशाशी रात्री जागते. भयावर मिळविलेल्या विजयाची हीच खरी कसोटी होय. तथापि या प्रसंगातही लेखिकेने स्वतःला वीरांगना केलेले नाही. भीती गेली असे त्या म्हणत नाहीत. भीती असताना काम केले, एवढेच दिसते. प्रार्थनेचा उल्लेख येतो तोही अडचणीत सापडलेले मूल आईला हाक मारते तितक्या सहजपणे. चमत्काराचा दावा नाही. पुष्कळशा साक्षींत श्रद्धावंताचे भय एका क्षणात कायमचे नाहीसे होते आणि त्यामुळे भित्र्या वाचकाला ती साक्ष परकी वाटते. लक्ष्मीबाईंची श्रद्धा भीतीच्या शेजारी राहते व हळूहळू तिला जागेवरून हलविते. त्यामुळे वाचकालाही धीर येतो.

टिळकांचे निधन ९ मे १९१९ रोजी झाले. धर्मासाठी एकदा दुरावलेला आणि पुन्हा लाभलेला पती आता कायमचा गेला. ग्रंथाच्या उत्तरार्धात वैधव्य, उपजीविकेची विवंचना, मुलाबाळांची काळजी आणि कराचीसारख्या दूरच्या शहरातील वास्तव्य यांचे चित्रण आहे. पूर्वीच्या ताटातुटीच्या वेळी दिशाहीन झालेली स्त्री आणि आताची निराधार असूनही न डगमगणारी स्त्री यांतील अंतर वाचकाच्या आपोआप लक्षात येते.

आशेचे माध्यम, विनोद : लक्ष्मीबाईंना शालेय शिक्षण मिळालेले नव्हते, लिहिणे-वाचणे त्या टिळकांच्या सहवासात शिकल्या. पुत्र देवदत्त (१८९१–१९६५) यांना टिळकांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी आठवणी लिहून काढाव्यात, या निमित्ताने स्मृतिचित्रांचा आरंभ झाला. यामुळे त्यांची भाषा ग्रंथिक वळणापासून मुक्त राहिली. नाशिककडील ब्राह्मण घरांतील बायकांची बोली, म्हणी, टोमणे आणि झटपट संवाद यांतून ती घडली आहे. मराठी ख्रिस्ती गद्यावर बायबलच्या भाषांतराची व मिशनऱ्यांच्या व्याकरणशुद्ध पण कृत्रिम वाक्यरचनेची जी छाया पुष्कळ काळ होती, तिचा येथे मागमूस नाही. धर्म बदलला तरी माजघरातील भाषा बदलली नाही. त्यामुळे ख्रिस्ती अनुभव मराठी वाचकाला आपल्याच घरातला वाटला. टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन यांच्या द्वारे पद्यात जे साधले, तेच लक्ष्मीबाईंनी गद्यात साधले.

या भाषेचा आत्मा विनोद हा आहे आणि त्याचा रोख प्रथम स्वतःकडे असतो. आपला अडाणीपणा, आपली फजिती, आपला भित्रेपणा त्या खुल्या मनाने सांगतात. टिळकांच्या लहरीपणाला हसतात, पण त्यांचा अधिक्षेप करीत नाहीत. भयाने ग्रासलेला मनुष्य स्वतःला हसू शकत नाही. म्हणून या ग्रंथातील हास्य हे केवळ शैलीचे भूषण नसून भयमुक्तीचा पुरावाच होय. ज्या प्रसंगी प्रत्यक्षात रडू कोसळले असेल, तोच प्रसंग चाळीस-पन्नास वर्षांनी हसत सांगता येणे, हीच लेखिकेने वाचकाच्या हाती ठेवलेली आशा आहे. ती स्वर्गसुखाच्या आश्वासनापेक्षा अधिक विश्वसनीय वाटते. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनीही हा ग्रंथ आपला मानला, त्याचे एक कारण येथे सापडते.

टिळकांनी आरंभिलेले व अपूर्ण राहिलेले ख्रिस्तायन हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्यातील बहुतेक अध्याय त्यांचे आहेत व ते त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ मध्ये प्रकाशित झाले. ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करण्याचा तो प्रयत्न भक्तिपूर्ण आहे. तरीही आशेचा संदेश देण्याच्या उघड हेतूने रचलेल्या त्या काव्यापेक्षा, तसा हेतू न सांगता लिहिलेल्या आठवणींनी तो अधिक दूर पोहोचविला, असे म्हणावे लागते.

मर्यादा : स्मृतिचित्रांत कालक्रम सैल आहे व सनावळीकडे लेखिकेचे लक्ष नाही. टिळकांचे व्यक्तिमत्त्व एवढे व्यापक आहे की पुष्कळ ठिकाणी आत्मचरित्राचे रूपांतर पतिचरित्रात होते. टिळक पडद्याआड गेल्यावर निवेदनाचा वेगही मंदावतो व शेवटचा भाग आधीच्या भागांइतका रसरशीत उतरलेला नाही.

याहून महत्त्वाची मर्यादा विषयाच्या स्वरूपातूनच उद्‌भवते. स्पर्शाचे भय सोडणारी व्यक्ती येथे ब्राह्मण आहे. त्यामुळे भयाची एकच बाजू उजळते. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाजात बहुसंख्य लोक अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेले होते. ज्यांच्या हातचे पाणी घेण्याचे धैर्य लक्ष्मीबाईंनी दाखविले, त्यांना पाणी देताना काय वाटले असेल; गावाचा, उपासमारीचा आणि अपमानाचा धाक बाळगून जगणाऱ्या त्या माणसांना नव्या श्रद्धेने कोणता धीर दिला, हे या ग्रंथातून कळत नाही. लक्ष्मीबाई त्यांच्याविषयी आपुलकीने लिहितात, पण ती माणसे बाहेरून पाहिलेली असतात. आत्मचरित्र स्वतःच्या अनुभवापलीकडे जाऊ शकत नाही, हे खरे. तथापि मराठी ख्रिस्ती अनुभवाचे संपूर्ण चित्र म्हणून स्मृतिचित्रांकडे पाहणे त्यामुळे चुकीचे ठरेल. त्या चित्राचा दुसरा अर्धा भाग ज्यांनी ते भय भोगले त्यांच्याच लेखणीतून यावयास हवा. मराठी दलित आत्मकथनांनी पुढे पाणवठ्यावरील स्पर्शाचा प्रश्न दुसऱ्या तीरावरून मांडला, तेव्हा स्मृतिचित्रांतील पाण्याच्या घोटालाही नवा संदर्भ प्राप्त झाला.

स्थान : १९५० मध्ये ई. जोसेफिन इंक्स्टर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाईंचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपादित केलेली संपूर्ण आवृत्ती १९८९ मध्ये, तर शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद २०१७ मध्ये प्रकाशित झाला. पिढ्या बदलूनही ग्रंथाची वाचनीयता टिकून आहे. धर्मांतराच्या काळातील कडवटपणा ओसरल्यावर स्मृतिचित्रे केवळ त्या वादाचे स्मारक म्हणून उरली नाहीत, कारण त्यांत मांडलेला प्रश्न एका धर्मापुरता मर्यादित नाही. घरात लहानपणापासून भिनलेली भीती मनुष्य कशाच्या बळावर टाकतो आणि ती टाकताना ज्यांच्यावर प्रेम आहे त्यांना न दुखविणे कितपत शक्य असते, हा तो प्रश्न होय. लक्ष्मीबाईंना ते बळ ख्रिस्तावरील श्रद्धेतून मिळाले, असे त्या निःसंदिग्धपणे मानतात. परंतु वाचकाने तेच मानावे, असा आग्रह धरीत नाहीत. साक्ष व साहित्य यांतील सीमारेषा मराठीत याच ग्रंथाने प्रथम यशस्वीपणे ओलांडली.